भोपळ्याचं ध्यान आणि माणसाची झोप

श्रावणी सोमवारी ओतूरच्या सरकारी दवाखान्यात गर्दी कमी असेल असं कुणी समजू नये. कपर्दिकेश्वराच्या यात्रेला आलेला माणूस कोरड्या तांदळाच्या पिंडींचं दर्शन घेतो, मांडवीच्या काठाने परत फिरतो आणि जाता जाता बीपीही दाखवून जातो. अशाच एका सोमवारी बासष्ट वर्षांचे एक शेतकरी समोर येऊन बसले. गळ्यात तुळशीची माळ, डोळे तांबारलेले. त्यांनी पिशवीतून काळा, चपटा, प्लास्टिकचा पट्टा काढून टेबलावर ठेवला.

“डॉक्टरसाहेब, माझं ध्यान बत्तीस टक्केच लागतंय. यावर गोळी असंल तर द्या.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. पट्टा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आणून दिला होता, वीस हजारांच्या वर मोजून. वडिलांना झोप येत नाही, चिडचिड होते, म्हणून. पट्टा कपाळाला बांधायचा, मोबाइलवर अॅप लावायचं आणि डोळे मिटून बसायचं. मन शांत असेल तर कानात पक्ष्यांचा आवाज येतो, भटकलं तर वादळाचा. शेवटी गुण मिळतात. तात्यांना (नाव सांगत नाही, आम्ही त्यांना तात्याच म्हणतो) रोज वादळच ऐकू येत होतं. तीस वर्षं संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा हा माणूस आता हरिपाठ सोडून पट्टा बांधून बसत होता आणि नापास होत होता. झोप होती ती आणखी कमी झाली होती.

मी पट्टा उलटापालटा करून पाहिला. रुग्णालयातलं ईईजी यंत्र मला माहीत आहे. हे त्याचंच धाकटं भावंड, फक्त दोन-चार इलेक्ट्रोडांचं. ते नेमकं काय मोजतं, हे तात्यांना तिथेच सांगायचा प्रयत्न केला आणि पुरता सांगू शकलो नाही. म्हणून हा लेख.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी सूक्ष्म संदेशांनी बोलतात. लाखो पेशी एका तालात बोलल्या की त्याचा पुसट पडसाद कवटीबाहेर, त्वचेवर उमटतो. माणसाच्या डोक्यावरून तो प्रथम टिपला जर्मनीतल्या येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, जुलै १९२४ मध्ये. मात्र स्वतःच्याच निष्कर्षावर विश्वास बसायला त्यांना पाच वर्षं लागली, निबंध छापला १९२९ साली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावणारी एक लाट दिसते. डोळे उघडले की ती विरते. तिला बर्गर यांनी अल्फा म्हटलं. त्याहून जलद ती बीटा, संथ त्या थीटा आणि डेल्टा.

त्याच १९२४ सालची आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केलं. योगाबद्दल जे सांगितलं जातं ते यंत्रावर तपासून पाहायचं, हा त्यांचा आग्रह. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या गावात क्ष-किरणांखाली नौली पाहणारा माणूस होता, हे आज पट्टे विकणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसेल.

पुढे योग्यांच्या मेंदूलहरी मोजायला देशोदेशीचे लोक आले. १९५७ मध्ये बी. के. बाग्ची आणि एम. ए. वेंगर हे अमेरिकेतले दोन संशोधक नेता-आणता येईल असं ईईजी यंत्र घेऊन भारतभर फिरले. पोर्टेबल म्हणायचं, पण ते काही खिशात मावणारं नव्हतं. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांचाही त्यांनी कार्डिओग्राम काढला. हृदय थांबलेलं नव्हतं. श्वास कोंडून आणि स्नायू आवळून हृदयाकडे परतणारं रक्त कमी केलं की नाडी हाताला लागेनाशी होते, एवढंच. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधले आनंद, छिना आणि सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांचे आलेख छापले. डोळ्यांवर उजेड, कानाशी मोठा आवाज, अंगाला गरम काचनळीचा स्पर्श, काहीही केलं तरी त्यांचा अल्फा मोडत नव्हता. दोघांनी तर ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला आणि अल्फा चालूच राहिला.

झालं, अल्फा म्हणजे ध्यान, असं समीकरण लोकांनी मनाशी बांधलं. पण १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन भिक्षूंचे आलेख घेतले, तेव्हा उलट चित्र दिसलं. आवाज झाला की भिक्षूंचा अल्फा दर वेळी थोडा मोडे आणि लगेच परत येई. विसाव्या आवाजालाही पहिल्यासारखाच. साधा माणूस पाचव्या-सहाव्या आवाजापासून दुर्लक्ष करू लागतो, भिक्षू नाही. त्याआधी १९५५ मध्ये दास आणि गास्तो यांना योग्यांमध्ये जलद लहरी मिळाल्या होत्या. म्हणजे एका ध्यानात जगाचा विसर, दुसऱ्यात जगाकडे पूर्ण लक्ष, तिसऱ्यात आणखी काही. ‘ध्यानाची लहर’ नावाची एकच एक लहर आजवर कुणाला सापडलेली नाही. मग तात्यांना बत्तीस टक्के दिले कुणी? अॅप लिहिणाऱ्याने. कोणती लाट किती असली की किती गुण, हे त्याने ठरवलं आणि ते सूत्र कंपनीने झाकून ठेवलं.

इथे दुसरं पात्र येतं. आमच्या परिचारिकाबाईंचा भाचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. मावशीकडून पट्ट्याची गोष्ट ऐकून तो संध्याकाळी माझ्याकडे आला. “सर, हे दीड हजारात होतं. मी करून दाखवतो. तुम्ही फक्त डॉक्टरांकडचं बघा.”

मला मुलाचा उत्साह आवडला. शिवाय याच तालुक्यात, खोडदला, कमी खर्चात मोठं यंत्र कसं उभारावं याचा धडा उभा आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पूर्ण पत्र्याची तबकडी न करता तारांच्या दोरांवर ताणलेली जाळी वापरली, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. तिथे काम एकच, आजूबाजूच्या गोंगाटातून अतिशय क्षीण संदेश वेगळा काढणं. कपाळावरच्या पट्ट्याचं कामही तेच, फक्त आकाशाऐवजी कवटी.

क्षीण म्हणजे किती? डोक्यावर मिळणारा संदेश दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या घरात असतो. पन्नास धरला तर तो टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा भाग होतो. आणि खोलीतल्या वायरिंगमुळे अंगावर सतत पन्नास हर्ट्झची घरघर बसलेली असते, ती याच्या कितीतरी पट मोठी. म्हणून पहिला अँप्लिफायर असा लागतो की जो दोन इलेक्ट्रोडांमधला फरक तेवढा वाढवतो आणि दोन्हींवर सारखंच असलेलं गाळून टाकतो. ही गाळण्याची ताकद किमान लाखपट हवी. मग संदेश हजार ते दहा हजार पट वाढवायचा, सेकंदाला अडीचशे वेळा त्याचा आकडा घ्यायचा आणि ब्लूटूथने मोबाइलला पाठवायचा. या चिप आता सहज मिळतात. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्ससारख्या आपल्याकडच्या मंडळींनी असे छोटे अँप्लिफायर खुल्या आराखड्यासह विकायला ठेवले आहेत. मुलाचा हिशेब खोटा नव्हता.

पहिली आवृत्ती त्याने तीन आठवड्यांत आणली. पट्टा म्हणजे शिंप्याकडून शिवून घेतलेलं इलॅस्टिक, त्यातून निघालेली वायर लॅपटॉपला. कपाळ अर्थात माझं. बांधलं, डोळे मिटले, आणि कपाळाला मुंग्या आल्या. ध्यानाच्या नव्हेत. लॅपटॉप चार्जरवर होता, चार्जरला दोनच पिना, आणि खोलीच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनलाही सांगता आलं नसतं. पट्टा ओढून काढला. त्या दिवशी मी त्याला बरंच बोललो. नंतर वाटलं, चूक माझीही होती. बांधण्याआधी वायर कुठे जाते हे मीच पाहायला हवं होतं. वैद्यकीय उपकरणात रुग्णाच्या अंगातून झिरपणाऱ्या विजेची नेहमीच्या स्थितीतली मर्यादा शंभर मायक्रोअँपिअर असते, म्हणजे अँपिअरचा दहा हजारावा भाग. त्वचा घासून, जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवलेला असताना हा नियम हसण्यावारी न्यायचा नसतो. तेव्हापासून आमच्यात एक करार आहे. डोक्याला लागलेली वस्तू फक्त बॅटरीवर चालणार, तिची वायर कुठेही जाणार नाही आणि बॅटरी चार्जिंगला लावली की पट्टा आपोआप बंद पडणार. घरच्या घरी असलं यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि त्याच्या पालकांनी एवढं तरी पाळावं.

दुसरी आवृत्ती बॅटरीवरची. पडद्यावर सुंदर निळी रेष, खाली ‘शांतता : ७८ टक्के’. मुलगा खूश. मला कॅनडातले डॉ. एड्रियन अप्टन आठवले. त्यांनी इलेक्ट्रोड जेलीच्या गोळ्याला लावून आलेख काढला होता. अतिदक्षता विभागातल्या यंत्रांच्या आणि माणसांच्या वावरामुळे जेलीचा आलेखही जिवंत मेंदूसारखा हलत होता. मेंदू मृत झाला की नाही हे ठरवताना आलेखावर आंधळा भरवसा ठेवू नका, हे त्यांना दाखवायचं होतं. आमच्याकडे जेली कुठली. बायकोने भाजीसाठी आणलेला लाल भोपळा होता. त्याची साल जरा खरवडली, मिठाचं पाणी लावलं आणि पट्टा बांधला.

शांतता : ९१ टक्के.

भोपळा गाढ ध्यानात होता. मुलाचा चेहरा पडला, पण कारण त्यानेच शोधलं. त्याचं सूत्र अल्फाला एकूण लहरींनी भागत होतं. माणूस भुवया ताणतो, दात आवळतो, पापणी हलवतो, त्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती भागाकारात खाली जाऊन बसते. भोपळ्याला भुवया नाहीत, म्हणून तो आपल्यापेक्षा शांत. कपाळावरचे पट्टे बऱ्याच अंशी कपाळाचे स्नायूच मोजतात, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने काही काळ पूर्ण शिथिल करून ईईजी काढला, तेव्हा वीस हर्ट्झच्या वरचा डोक्यावरचा बराचसा संदेश नाहीसा झाला. तो मेंदूचा नव्हताच. तरी स्नायू सैल सोडायला शिकवणं ही काही वाईट गोष्ट नाही. फक्त तिला मेंदूचं नाव देऊन जास्त पैसे घेऊ नयेत.

मग अल्फा जिथे खरोखर असतो तिथे, डोक्याच्या मागे, इलेक्ट्रोड न्यायचं ठरलं आणि आम्ही खोबरेल तेलावर येऊन अडकलो. रुग्णालयात ईईजीला येणाऱ्याला आम्ही बजावतो, आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. तेलाचा थर असला की त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला रोध इतका वाढतो की आलेखात घरघरच उरते. रोज केस धुऊन ध्यानाला बसा, असं खेड्यातल्या बाईला कोण सांगणार? मुलाने केसांतून आत जातील असे बोथट टोकांचे कंगव्यासारखे इलेक्ट्रोड करून पाहिले. त्याच्या बारीक कापलेल्या केसांत चालले, मावशींच्या अंबाड्यात नाही. कमी खर्चातलं यंत्र म्हटलं की सगळे चिपची किंमत मोजतात. माझ्या पाहण्यात खरा खर्च आणि खरी अडचण या दोन मिलिमीटरमध्ये, टाळू आणि धातूच्या मधे आहे.

आता मुख्य प्रश्न. यंत्र अगदी अचूक केलं, तरी उपयोग होतो का? स्वतःच्या लहरी पडद्यावर किंवा आवाजात दाखवून त्या बदलायला शिकवणं, याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. १९६० च्या दशकात जो कामिया यांनी दाखवलं की सरावाने माणसं स्वतःचा अल्फा वाढवू शकतात, आणि पुढच्या दशकात अमेरिकेत अल्फा यंत्रांची लाट आली. ती ओसरलीही, कारण अल्फा वाढला तरी मन शांत होईलच असं दिसेना. झोपेबाबत एक चांगला अभ्यास ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा आहे, २०१७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेला. निद्रानाशाच्या रुग्णांना खरा आणि लुटुपुटीचा असे दोन्ही न्यूरोफीडबॅक दिले. कोणता खरा हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. बरं वाटल्याचं रुग्णांनी दोन्ही वेळा सांगितलं. खऱ्याने खोट्यापेक्षा जास्त काही केलं नाही. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, रोज ठरावीक वेळी शांत बसायला लावतंय, याचाच गुण असावा. तो गुण खोटा नाही, पण त्याला वीस हजार लागत नाहीत.

ज्यांना मिरगी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण यात जीव जातो. माझा एक तरुण रुग्ण दोन वर्षं गोळ्यांवर व्यवस्थित होता. ‘ब्रेनवेव्ह थेरपीने गोळ्या सुटतात’ असा व्हिडिओ पाहून त्याने गोळ्या बंद केल्या. पंधराव्या दिवशी विहिरीच्या काठावर झटका आला. काठावर दुसरं माणूस होतं म्हणून आज तो आहे. मिरगीवर न्यूरोफीडबॅकचे प्रयोग झाले आहेत, पण ते गोळ्यांची जागा घेतं असा पुरावा नाही. मिरगीची गोळी अचानक थांबवणं हे झटक्याचं एक ठळक कारण आहे. ‘उपचार करतो’ असा दावा करणारं कोणतंही यंत्र भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं. म्हणूनच हे पट्टे विकणारे उपचार हा शब्द टाळतात आणि ‘वेलनेस’ म्हणतात. खोक्यावर तो शब्द दिसला तर त्याचा अर्थ ओळखून घ्या.

तात्यांचं काय झालं? दुसऱ्या खेपेला मी पट्टा बाजूला ठेवला आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. झोप लागत नाही की लागली तरी मोडते? मोडते. कधी? रात्री बाराच्या पुढे. का? शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करायला, बारी धरायला उठावं लागतं. आणि एकटं जायचं नाही, कारण उसात बिबट्या. जुन्नरच्या माणसाला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातून त्याने शेळी नेल्यापासून तात्या रात्री अंथरुणात असतानाही कानोसा घेत पडून राहतात. वर जागं राहायला तीन-चार कप चहा. त्यात टोमॅटोचा भाव. बीपी १५६ बाय ९४.

हे काही अॅपच्या सूत्रात बसणारं नाही. मी रक्त तपासायला पाठवलं, बीपीची गोळी सुरू केली, संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद केला. मन फार खचतंय का, जगणं नको वाटतं का, हेही विचारलं. असं विचारल्याने माणूस वाईट वाटून घेत नाही, उलट मोकळा होतो. ते म्हणाले, तसलं काही नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, बोलणं मराठीत. मुलाला फोन करून सांगितलं की पट्ट्याऐवजी रात्रपाळीच्या आठवड्यात जमेल तेव्हा दोन दिवस येऊन जा.

आणि हरिपाठ पुन्हा सुरू करायला सांगितला, भक्तीच्या अधिकारावर नव्हे, तो माझा नाही. २००१ मध्ये इटलीच्या लुचिआनो बर्नार्डी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब एका संथ लयीत हलू लागले. रक्तदाब सावरणारी शरीराची व्यवस्था त्या लयीत अधिक तत्पर होते. हरिपाठावर असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण एका दमात ओवीचा चरण म्हणणाऱ्या माणसाचा श्वास कसा चालतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

यावरून मुलाच्या तिसऱ्या आवृत्तीला वळण मिळालं. मेंदूलहरींचा भाग त्याने शिकण्यापुरता ठेवला आहे. डोळे मिटले की अल्फा उगवतो, उघडले की मावळतो, एवढंच तो दाखवतो, गुण देत नाही. इलेक्ट्रोड नीट टेकला नसेल तर लाल दिवा लागतो आणि रेष दिसतच नाही. भोपळ्याला बांधलं तर लाल दिवाच लागावा, यासाठी त्याने एक आठवडा घालवला. काही धडधाकट माणसांत अल्फा मुळातच फारसा दिसत नाही, तेही पडद्यावर लिहिलं आहे, म्हणजे कुणी घाबरून माझ्याकडे येऊ नये. घरोघरी वापरायचा भाग वेगळा : बोटाला लावायचा नाडीचा सेन्सर, काहीशे रुपयांचा, आणि श्वास संथ झाला की ठोक्यांची लय कशी वरखाली होते ते दाखवणारी रेष. ना तेलाची अडचण, ना अंबाड्याची.

दोन्ही घेऊन तो २८ फेब्रुवारीला खोडदच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार आहे. भोपळाही नेणार म्हणतो. तात्यांनी त्यांचा पट्टा त्याला उघडून पाहायला देऊन टाकला. मागच्या महिन्यात त्यांचं बीपी १३८ बाय ८६ होतं. झोप दिवसपाळीच्या आठवड्यात साडेपाच-सहा तास, रात्रपाळीच्या आठवड्यात अजून तशीच.